गल्ल्यात सापडलेले तुकोबा

आम्ही फलटण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या दहाजणी. माइकसमोर दहाजणी मावत नाहीत, म्हणून आवाज एकीचा येतोय. पण हे बोलणं आम्ही दोन बैठकांत बसून, थोडं भांडून, सगळ्यांनी मिळून लिहिलंय. तेव्हा "आम्ही" म्हटलं की दहाही जणी धरायच्या, चूक झाली तिथंसुद्धा.

आमच्या गावावरून माउलींची पालखी जाते. लोणंदचा मुक्काम उरकून, चांदोबाच्या लिंबाजवळ रिंगण करून ती तरडगावला येते आणि पुढे फलटणला. त्या दोन-तीन दिवसांत रस्त्यावर जे चहा-भज्यांचे गाडे लागतात, त्यांतला एक आमच्या गटाचा असतो. चहा दहा रुपयांना. वारकरी कुठून कुठून आलेले असतात, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून, कुणी कोकणातून. त्यांच्याबरोबर त्यांच्या गावची चिल्लर येते. कमरेच्या पिशवीत वर्षानुवर्षं पडून राहिलेली नाणी वारीत बाहेर निघतात. त्यामुळे पालखी पुढे गेली की आमचा गल्ला म्हणजे एक प्रदर्शनच असतं.

पालखी गेली त्या संध्याकाळी आम्ही देवळात सतरंजी टाकून मोजायला बसलो. नोटा सचिवताईंकडे आणि नाणी अक्कांकडे, अशी आमची पद्धत आहे. अक्का गटात सगळ्यांत थोरल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही, पण नाणी त्या बोटांनी मोजतात. अंगठा आणि तर्जनीत धरलं, एकदा फिरवलं, की रुपया इकडे, दोन रुपये तिकडे. त्यांच्या हाताचा वेग बघून आम्ही गप्प बसतो. अक्कांच्या मोजणीत चिल्लर भरली ३,८४७ रुपये. सचिवताईंनी तो आकडा शाईनं वहीत लिहिला. मग पद्धतीप्रमाणे बघून फेरमोजणी केली, तर भरले ३,८४६.

एक रुपया कमी.

आता तुम्ही म्हणाल, एका रुपयासाठी काय बसायचं? पण ज्यांनी गटाचा हिशेब ठेवलाय त्यांना ठाऊक आहे, आज एक रुपया सोडला की उद्या शंभर सोडायची सवय लागते. शिवाय अक्कांची मोजणी आजवर कधी चुकली नव्हती, त्यामुळे त्यांनाच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "सतरंजी झाडा." सतरंजी झाडली, पदर झाडले, दिव्याखाली बघितलं. शेवटी सचिवताईंनी दोन-दोन रुपयांची चळत एकेक करून उलटून बघितली, तेव्हा उलगडलं. दोनाच्या नाण्यांत एक रुपयाचं नाणं बसलं होतं. आकार तोच, जाडी तीच. एका बाजूला तीन सिंह आणि १ आकडा. दुसऱ्या बाजूला माणसाची प्रतिमा आणि कडेनं अक्षरं. भिंगातून वाचली तर संत तुकाराम, आणि साल २००२.

माउलींच्या पालखीत आम्हाला तुकोबा सापडले. अक्कांनी नाणं कपाळाला लावलं. त्या दिवशी एवढ्यावरच थांबलो असतो तर आजचं हे भाषण झालंच नसतं.

आमच्यातल्या एक वहिनी आहेत, त्यांचा मुलगा कॉलेजात जातो. त्यानं त्या नाण्याचा फोटो काढला आणि फोनमध्ये शोधाशोध केली. लगेच एक व्हिडिओ निघाला. देवाचं किंवा संताचं चित्र असलेलं जुनं नाणं तुमच्याकडे असेल तर पाच लाख रुपये मिळतील, खाली फोन नंबर द्या. पोरानं नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. पलीकडचा माणूस फार आदबीनं बोलत होता. "मॅडम, अभिनंदन, तुमचं नाणं कंपनीनं पसंत केलं आहे."

वहिनींच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता पंधरा दिवसांवर आला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्या दिवशी आम्ही बैठक बोलावली ती अगदी आनंदात. पण खरं सांगायचं तर त्या बैठकीत आम्ही जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. पाच लाख दहाजणींत वाटले तर पन्नास-पन्नास हजार. लगेच एकीनं विचारलं, जी त्या दिवशी गाड्यावर आलीच नव्हती तिला पण वाटा का? जी आली नव्हती ती म्हणाली, माझं पोर तापानं फणफणत होतं, मी काय मजेत घरी होते? दुसरी म्हणाली, नाणं सचिवताईंना सापडलं. तिसरी म्हणाली, फोटो वहिनींच्या पोरानं काढला. आठ वर्षांच्या गटात जेवढी भांडणं झाली नाहीत तेवढी न आलेल्या पैशांवरून एका तासात झाली.

फोनवरच्या माणसानं नोंदणीचे १,०५० रुपये मागितले. आम्ही ठराव लिहिला, दहाजणींनी सह्या केल्या, आणि गटाच्या पैशातून ते फोनवरून पाठवले. लगेच एक पत्र आलं. वर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह, खाली शिक्का आणि सही, मध्ये आमच्या गटाचं नाव. ते पत्र आम्ही मोठं करून करून वाचलं. त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा फोन. पैसे तयार आहेत, फक्त जीएसटी आणि वाहतुकीचा विमा मिळून ६,२०० रुपये भरा, गाडी तुमच्या दारात येते.

६,२०० रुपये म्हणजे आमच्या पालखीच्या गाड्याच्या नफ्यातला मोठा वाटा. तरीसुद्धा सात हात वर झाले. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "अगं, ज्याला आपल्याला पाच लाख द्यायचेत, तो आपल्याकडं सहा हजार का मागतोय? म्हणावं, त्यातलेच कापून घे आणि उरलेले दे."

कुणीच काही बोललं नाही. वहिनींनी स्वतः फोन लावला आणि अक्कांचं वाक्य जसंच्या तसं त्या माणसाला ऐकवलं. त्याची सगळी आदब गेली. आधी नियम सांगितले, मग आवाज चढवला, मग म्हणाला की आता पैसे भरले नाहीत तर पोलीस केस होईल. तिथंच आमचे डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी तालुक्याच्या बँकेत गेलो. तिथल्या बँक सखीनं पत्र बघितलं आणि शांतपणे सांगितलं की रिझर्व्ह बँकेनं याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केलं होतं. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही. अशा व्यवहारासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या नावानं असं शुल्क घेण्याचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. म्हणजे पत्रावर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह आहे आणि पैसे मागितलेत, एवढ्यावरूनच ते पत्र खोटं आहे हे कळतं. पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही. आम्ही मात्र ते चिन्ह बघूनच विश्वास ठेवला होता.

तिनं आम्हाला १९३० या नंबरवर तक्रार नोंदवायला लावली. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली की लावायचा हा नंबर आहे. मैत्रिणींनो, तो आत्ताच कुठंतरी लिहून ठेवा, चुलीजवळच्या भिंतीवर लिहिला तरी चालेल. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात फोन केला तर ते मधेच अडवण्याची शक्यता असते. आम्ही पाचव्या दिवशी केला. आमचे १,०५० रुपये आलेले नाहीत.

ते पैसे कुणी भरायचे यावर वहिनी म्हणाल्या, माझ्या पोरानं नंबर दिला, माझ्या नावावर कर्ज लिहा. पण वहीत ठराव होता आणि त्यावर दहा सह्या होत्या. प्रत्येकीनं १०५ रुपये भरले. जी गाड्यावर आली नव्हती तिनं सगळ्यांत आधी भरले. वाट्यात नको म्हणत होतात ना, तोट्यात तरी घ्या, असं म्हणाली आणि हसली. आम्हाला मात्र हसू आलं नाही. वहिनींना फीसाठी गटानं नेहमीच्या व्याजानं कर्ज दिलं. मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे.

पण नाणं तर आमच्याकडेच होतं. पाच लाखांचं नाही, तर मग कशाचं? ते आम्हाला समजून घ्यायचंच होतं. या वेळी फोनमध्ये शोधण्याआधी आम्ही ते नाणंच नीट बघायचं ठरवलं. गावातल्या सराफांकडे काटा आहे, सचिवताईंकडे भिंग आहे, आणि जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं चुंबक एकीकडे होतंच.

पहिलं म्हणजे नाणं वाचायचं. आपण नाणं कधी वाचतच नाही, फक्त आकडा बघतो. आपल्या नाण्याच्या एका बाजूला सिंहाची राजमुद्रा, खाली सत्यमेव जयते, आणि भारत व इंडिया ही नावं असतात. किंमत आणि साल कुठल्या बाजूला हे नाण्यानाण्यावर बदलतं. साल सापडलं की त्याच्या खाली बारीक खूण बघायची. नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं हे ती खूण सांगते. आपल्या देशात सरकारी टांकसाळी चार आहेत. पत्त्यांतल्या चौकटसारखा ठिपका असला तर मुंबई. तारा असला तर हैदराबाद. साधा गोल ठिपका असला तर नोएडा. आणि काहीच नसलं तर कोलकाता. आमच्या तुकोबांच्या सालाखालची जागा इतकी झिजली होती की त्यावरून आमच्यात दोन तट पडले. निम्म्या म्हणतात चौकट आहे, निम्म्या म्हणतात काहीच नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

मग चुंबक लावलं. नाणं चटकन चिकटलं. म्हणजे स्टीलचं. १९९२ पासून रुपयाचं नाणं स्टीलचं निघायला लागलं, रुंदी २५ मिलिमीटर आणि वजन ४.८५ ग्रॅम. सराफांच्या काट्यावर आमचं नाणं त्याहून किंचित हलकं भरलं, वीस-बावीस वर्षं फिरून झिजलेलं असणार. आता अक्का कुठं चुकल्या तेही कळलं. २०११ मध्ये सरकारनं नाणी बदलली. रुपया लहान झाला, २२ मिलिमीटरचा. आणि दोनाचं नवं नाणं आलं ते बरोबर २५ मिलिमीटरचं, ४.८५ ग्रॅमचं, तेही स्टीलचं. म्हणजे जुना रुपया आणि हे दोनाचं नाणं बोटाला जुळी भावंडं. अक्कांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग माझी बोटं बरोबर होती, नाणी बदलणाऱ्यांचं चुकलं." खरंय त्यांचं. त्याआधीच्या २००७ च्या नाण्यांवर हाताच्या खुणा होत्या, पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. डोळस माणसाला त्या ठीक. ज्याला दिसत नाही त्याला चित्राचा काय उपयोग?

हे सरकारच्याही ध्यानात आलं असावं. २०१९ मध्ये दृष्टिहीनांना ओळखता येईल अशी नवी मालिका जाहीर झाली. त्यात किंमत वाढेल तसं वजन वाढतं. रुपया २० मिलिमीटरचा, दोन रुपये २३, पाच रुपये २५, दहा रुपये २७. वीस रुपयांचं नाणंही २७ चंच आहे, पण ते गोल नाही, त्याला बारा बाजू आहेत. अक्कांच्या हातात ते पहिल्यांदा दिलं तेव्हा त्यांनी कड चाचपली आणि म्हणाल्या, हे मला कुणी फसवून देऊ शकणार नाही. पण जुनी आणि नवी नाणी एकत्रच फिरतात, त्यामुळे आता नवा पाचाचा आणि जुना रुपया एका रुंदीचे झालेत. पाचाचं नाणं पिवळं आणि जड असतं. ज्यांच्या घरी कमी दिसणारी सासू किंवा आई आहे, त्यांनी दुपारी दहा मिनिटं ही नाणी त्यांच्या हातात देऊन खेळ लावा. आम्ही लावला. अक्का आता चुकत नाहीत.

तर तुकोबांचं नाणं खरंच सरकारचं आहे आणि त्याची चलनातली किंमत एक रुपया आहे. एखाद्या थोर माणसाच्या किंवा घटनेच्या आठवणीसाठी सरकार वेगळ्या चित्राचं नाणं काढतं, त्याला स्मारक नाणं म्हणतात. त्यातली काही टांकसाळ फक्त संग्रह करणाऱ्यांसाठी पेटीत घालून विकते, ती आपल्या हाती येत नाहीत. बाकीची बँकांतून सरळ बाजारात येतात आणि भाजीवाल्याकडून आपल्याकडे पोचतात. आपल्या महाराष्ट्रातली किती माणसं अशी आपल्या बटव्यातून गेली असतील! १९९९ साली एक रुपयावर ज्ञानेश्वर माउली आल्या. त्याच साली दोन रुपयांवर शिवछत्रपती. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा रुपया १९९० चा, आणि १२५ व्या जयंतीला २०१५ मध्ये दहा रुपयांचं नाणं. २००७ मध्ये पाच रुपयांवर लोकमान्य टिळक. आम्ही ही यादी बैठकीत वाचली तेव्हा एकीनं घरी जाऊन पोराची मातीची गुल्लक फोडली. टिळक निघाले. पोर रडलं ते वेगळं.

अशा नाण्याला जास्त पैसे मिळतात का, हा प्रश्न तुम्हीही विचारणारच. संग्रह करणारे लोक असतात आणि ते पैसे देतात, हे खोटं नाही. पण ते काय बघतात? ते नाणं किती निघालं होतं आणि आता कितपत कोरं राहिलंय. बँकेतून निघून पेटीत ठेवलेलं, चकचकीत, एक ओरखडा नसलेलं नाणं वेगळं आणि वारकऱ्याच्या पिशवीत वीस वर्षं घासलेलं वेगळं. आपल्या चिल्लरीत आलेलं नाणं बहुतेक वेळा त्यावर लिहिलेल्या किमतीचंच असतं. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या २०१२ च्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांवरून तर किती लोकांना लाखांची स्वप्नं दाखवली जातात. तीही चलनी नाणीच आहेत. आणि खरा विकत घेणारा तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही. नाणं हातात घेतो, उलटतो, नाक मुरडतो आणि कमी भाव सांगतो.

सासूबाईंच्या गाठोड्यातली जुनी तांब्याची नाणी मात्र वेगळी गोष्ट. भोकाचा पैसा असेल, क्वचित एखादी शिवराई असेल. शिवराई ओळखायला सोपी, एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती. अशी नाणी सापडली तर आपला हात पहिला जातो चिंचेकडे. देवाची तांब्याची भांडी घासतो तशी ती घासू नका! तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेली काळपट साय गेली की नाण्याचं मोल जातं, अक्षरंही पुसट होतात. कोमट पाण्यात बुडवून माती सुटू द्यायची आणि मऊ फडक्यानं टिपायचं, बस. आणि नांगरताना शेतात नाण्यांचं मडकं किंवा असं काही लागलं तर ते घरी लपवून ठेवायचं नसतं. १८७८ चा एक कायदा आहे, जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कसं कळवायचं ते तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीत जाऊन विचारा.

आमच्या गल्ल्यात आणखी एक पाहुणा होता, तो आधीच बाजूला काढला होता. पांढरं गोल नाणं, एका बाजूला सुरईसारखी लांब चोचीची किटली आणि अरबी अक्षरं. ते कुठलं हे ओळखायला एका मिनिटाचाही वेळ लागला नाही, कारण शेजारच्या मावशींचा जावई दुबईत गाडी चालवतो. एक दिरहम. त्याची किंमत आपल्या वीस रुपयांहून जास्त भरते. म्हणजे चहा पिणाऱ्यानं आम्हाला फसवलं असं म्हणायचं तर उलट त्याचाच तोटा झाला. पण बँकेत परदेशी सुटी नाणी सहसा बदलून देत नाहीत. जावई सुट्टीला आला तेव्हा मावशींनी ते त्याला दिलं आणि त्याच्याकडून वीस रुपये गल्ल्यात घातले.

आता दहा रुपयांच्या नाण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथं उलटं घडलं. खोट्या पाच लाखांवर आम्ही विश्वास ठेवला, आणि त्याच आठवड्यात खरे पैसे लोकांनी आमच्याकडून घेतले नाहीत. गाड्यावर जमलेली दहाची नाणी घेऊन आम्ही बाजारात साखर आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, यातली निम्मी खोटी आहेत, रुपयाचं चिन्ह नसलेली चालत नाहीत. एसटीतही तेच. एकीला तर दोन स्टॉप आधी उतरायची पाळी आली.

दहाच्या नाण्याची ही अफवा कुठून आली ते नाणी शेजारी शेजारी ठेवल्यावर कळतं. आपण वापरतो ते रुपयाचं चिन्ह सरकारनं स्वीकारलं जुलै २०१० मध्ये. म्हणजे त्याआधी पाडलेल्या नाण्यावर ते असणार कसं? साल वाचलं तरी हा घोळ मिटतो. काहींवर दहा रेघा, काहींवर पंधरा, काहींवर कुणाचं तरी चित्र. दरवेळी नक्षी बदलली, जुनी नाणी मात्र चालूच राहिली. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की तोपर्यंत दहा रुपयांची चौदा नक्ष्यांची नाणी निघाली आहेत आणि ती सगळी चलनात चालतात. खोटी नाणी कधी नसतातच असं नाही, ती पाडणारे कारखाने पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या येतात. शंका आली तर नाणं बँकेत दाखवायचं. पण चिन्ह नाही म्हणून खोटं, रेघा जास्त म्हणून खोटं, हे चूक.

बँक सखीनं आम्हाला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बँकेला नाणी नाकारता येत नाहीत. शंभर-शंभरच्या पिशव्या करून नेल्या तर त्यांचंही काम सोपं होतं आणि आपल्यालाही कुणी परत पाठवत नाही. दुसरी, दुकानदाराचीही एक बाजू आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच घ्यायला माणूस बांधील आहे, पन्नास पैशांची तर फक्त दहा रुपयांपर्यंत. त्यामुळे तीन हजारांची चिल्लर एकदम समोर ओतली आणि तो नाही म्हणाला तर ते त्याला चालतं. पाचशेची नेली आणि खोटी म्हणाला तर मात्र आपण बोलायचं. आम्ही बोललो. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकाची मराठी प्रत सखीनं काढून दिली होती, ती सचिवताईंनी दुकानदाराच्या हातात ठेवली. त्यानं ती दोनदा वाचली, आणि साखर दिली. ती प्रत त्यानं ठेवून घेतली, आता गिऱ्हाईकांना तोच दाखवतो म्हणे.

चार आण्याचं नाणं मात्र कुणी दिलं तर घेऊ नका. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैसे अजून चालतात. बाजारात कुणी घेत नाही ही गोष्ट वेगळी.

राहिला तुकोबांचा रुपया. चिल्लर बँकेत भरायची वेळ आली तेव्हा सचिवताईंची अडचण अशी, की वहीत शाईनं ३,८४७ लिहिलेलं आणि पिशवीत ३,८४६. खोडाखोड केली की ग्रामसंघाच्या तपासणीत विचारतात. त्या पेन हातात घेऊन बसल्या होत्या. अक्कांनी चाचपडत पिशवीतून तुकोबा काढले, कनवटीचे दोन रुपये सोडून तिथं टाकले, आणि नाणं पदराच्या टोकाला बांधलं. आता ते त्यांच्या देव्हाऱ्यात आहे, विठोबाच्या पायाशी. सचिवताईंनी पेनचं टोपण लावलं.